वळणावर किंचाळणारी जीप

नवरा बोटीवर गेला आणि जीप माझ्या गळ्यात पडली.

तो मालवाहू बोटीवर इंजिनिअर आहे. सुट्टीवर आला की ही जुनी जीप काढायची आणि मित्रांबरोबर कर्जतच्या बाजूला चिखलात, ओढ्यात घालायची, हा त्याचा एकच नाद. एका सुट्टीत जीप चिखलात अशी रुतली की मागचं एक चाक गरागरा फिरत होतं आणि दुसरं ढिम्म. डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरपेटीचा, हा स्वभावच. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त पळावं लागतं, म्हणून तो दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतो. पण चिखलात सगळा जोर नेमका घसरणाऱ्या चाकाकडेच जातो. नवऱ्याने गिरगावातल्या त्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडून डिफरन्शियलच्या आतले गिअर सरळ वेल्ड करून घेतले. आता दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरणार. चिखलात जीप रणगाड्यासारखी निघायची. पक्क्या रस्त्यावर काय होईल, हा विचार त्याने केला नव्हता, कारण पक्क्या रस्त्यावर तिला चालवायला तो इथे नसणारच होता.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही तो नव्हता. नंतर परळला फिजिओथेरपीला न्यायचं माझ्याकडे आलं. माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ मोकळी. पहिल्या दिवशी टॅक्सी केली. टॅक्सीची सीट खाली, गुडघा वाकेना. आत बसवताना आणि बाहेर काढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जीपची सीट उंच. फूटपाथच्या कडेला लावली की त्या पाठमोऱ्या टेकायच्या आणि मग पाय आत घ्यायच्या. सोपं होतं.

"हीच बरी," मुलाच्या कौतुकाने त्या म्हणाल्या. "झिलाची गाडी आसा. टॅक्सी कित्याक होयी?"

वळण आलं आणि जीप किंचाळली.

दुसरा शब्द नाही त्याला. आतलं चाक रस्त्यावर फरफटतं, टायर ओरडतो, मागचा भाग धक्के खात उड्या मारतो. डांबरावर निदान घोगरा आवाज यायचा. पण आमच्या भोईवाड्यातले रस्ते हल्लीच काँक्रीटचे झालेत, त्यावर तर सुरी ताटावर घासल्यासारखं व्हायचं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापासून वरच्या गॅलरीतल्या बायकांपर्यंत सगळे बघायचे. एक्सिलरेटर दाबलेला असेल तर पुढची चाकं वळायचं सोडून सरळच जाऊ पाहायची. म्हणून वळणाआधी क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्यायची, हे मी आपलं आपणच शिकले. आवाज थांबत नसे, पण स्टिअरिंग जरा तरी ऐकायचं.

परळचं सेंटर एका नव्या टॉवरमध्ये होतं आणि पार्किंग बेसमेंटमध्ये. तिथली जमीन गुळगुळीत, रंग दिलेली. पहिल्यांदा उतरले तेव्हा तो आवाज भिंतींवर आपटून असा घुमला की वॉचमन धावत आला.

"मॅडम, क्या हुआ? कोई नीचे आया क्या?"

"काही नाही हो, गाडीच अशी आहे."

त्याने वाकून चाकाखाली बघितलंच.

माझी झोप तिथून बिघडली. अंथरुणावर पडले की डोक्यात रस्ते फिरायचे. उजवीकडचं वळण टाळून पुढे जाऊन मोठ्या चौकातून फिरलं तर? हिंदमाताकडून गेलं तर? तिथे खोदलंय. नायगावकडून? तिथे चाळी पाडतायत, डंपर उभे असतात. वर्गात मुलं धडा वाचत असायची आणि मी मनातल्या मनात परळच्या रस्त्यावर वळत असायचे. जेवताना पाय हलायचा. सासूबाई म्हणायच्या, "गो, गप बस मगे जरा. टेबल हलता."

नवऱ्याला मेसेज केला. त्याची बोट कुठे असेल तसं उत्तर यायचं. आलं ते असं: 'मागच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेव. बाकी काही होत नाही.'

मग ती सकाळ आली. आमच्या घरापुढच्या वळणावर पाण्याची लाइन फुटली होती. रस्ताभर पाणी. मला आधी बरंच वाटलं, कारण ओल्यावर जीप ओरडत नाही, हे मला माहीत झालं होतं. पण वळताना मागून बसने हॉर्न दिला, मी घाबरून एक्सिलरेटर दाबला, आणि मागची दोन्ही चाकं एकदम घसरली. जीपचा मागचा भाग झाडूसारखा फिरला. केळेवाल्याने पाटी घेऊन मागे उडी मारली. धाड करून आम्ही फूटपाथच्या लोखंडी कठड्यावर आदळलो, जीप रस्त्यात आडवी.

कोणाला काही झालं नव्हतं. एक बाइकवाला हेल्मेटची काच वर करून ओरडला, "मॅडम, ड्रिफ्टिंग काय आईला बसवून?"

सासूबाई समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. चेहरा पांढरा.

"आई, लागलं का?"

"माका काय्येक लागूक नाय. चल, उशीर होता."

सेंटरमध्ये फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांची साडी गुडघ्यापर्यंत सरकवली आणि थांबली. टाक्यांच्या बाजूला चांगलीच सूज होती. "काकी, हे काय? पडलात कुठे?"

"पडूक नाय गो. घरात कॉटचो कोपरो लागलो."

मी शेजारीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या नव्हत्या. मुलाच्या गाडीचं नाव निघू नये म्हणून बोलल्या होत्या. त्या दिवशी व्यायाम झाला नाही, नुसता बर्फ लावला. घरी आल्यावर त्यांना झोपवलं, शाळेत फोन करून रजा सांगितली आणि तशीच जीप घेऊन गिरगावात गेले.

मेकॅनिकने मला बघून हात पुसले. "वहिनी? दादा आले काय?"

"नाही. ते वेल्ड केलेलं काढ. जसं होतं तसं करून दे."

त्याने मान हलवली. "असं नाय होत. वेल्ड निघत नाय, आतला सगळा संच बदलायला लागेल. माझ्याकडे भंगारातल्या जीपचा पडलाय एक. पण दादांना विचारल्याशिवाय नाय. ते इथे उभं राहून करून घेतलंय त्यांनी."

"चालवते मी."

"बरोबर आहे. पण गाडी दादांची ना."

मी फोन लावला. लागला नाही. परत लावला. बाकड्यावर बसले, उठले, परत बसले. मग म्हटलं, "चल, बस गाडीत."

"कुठे?"

"बस तर."

तो बसला. मी मुद्दाम खोताच्या वाडीच्या बाजूच्या अरुंद गल्ल्यांमध्ये घातली. पहिल्या वळणावर जीप ओरडली, तो हसला. दुसऱ्यावर एका लाकडी घराच्या व्हरांड्यातून एक आजोबा पेपर हातात घेऊन बाहेर आले आणि इंग्रजीत आमचा उद्धार केला. तिसऱ्या वळणावर जीप एका झटक्यात वळेना. मला मागे घ्यावी लागली, परत पुढे, परत मागे, आणि प्रत्येक वेळी तो आवाज. मागे स्कूटर अडकल्या. लोक खिडक्यांत आले. मेकॅनिकने कपाळावरून रुमाल फिरवला.

"वहिनी, माणसं बघतायत."

"मला रोज बघतात. आणि शेजारी आई असतात, ऑपरेशनचा पाय घेऊन."

गॅरेजशी उतरल्यावर त्याने चावीसाठी हात पुढे केला. मग म्हणाला, "ठेवून जा. दादांना तुम्ही सांगा पण."

नवऱ्याचा फोन आला तोवर काम झालं होतं. मी सांगितलं. तिकडे नुसती खरखर. मग म्हणाला, "थांबता नाही आलं तुला? मी आल्यावर बघितलं असतं."

"तू आल्यावर तू बघशील. मला उद्या सकाळी वळायचंय."

फोन बंद झाला. रेंज गेली की त्याने ठेवला, आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप गुपचूप वळली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण कानाला काहीतरी कमी पडत होतं आणि मी उगाच आरशात मागे बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "बंद पडली काय गो?" काय केलंय ते सांगितल्यावर सेंटर येईपर्यंत त्या बाहेरच बघत राहिल्या. दोन दिवस जेवणात मीठसुद्धा मागून घेतलं नाही, अळणी जेवल्या.

तो सुट्टीवर आला. आल्या आल्या जीप घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. चावी खिळ्याला लावली. मला ते न बोलणं जास्त झालं. मी भांडी घासली, घासलेली परत घासली.

रविवारी आम्ही दोघं कर्जतला गेलो, त्याच्या मित्रांच्या टोळीत. पहिल्याच खड्ड्यात जीप अडकली. एक चाक फिरतंय, दुसरं उभं. मित्रांनी दोर लावून ओढून काढली. एक जण म्हणाला, "काय रे, दात काढून घेतले काय हिचे?" सगळे हसले. तोही हसला, पण कान लाल झाले होते. दुपारचं जेवण न घेताच आम्ही निघालो.

पनवेलच्या अलीकडे त्याने विचारलं, "खरं सांग. नुसत्या आवाजासाठी काढलंस?"

मग मी त्याला ती सकाळ सांगितली. पाणी, कठडा, सूज. कॉटच्या कोपऱ्याचंही सांगितलं. तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. एका ट्रकला पुढे जाऊ दिलं, जे तो कधी करत नाही.

"आई फोनवर रोज म्हणायची, सगळं बरं आहे."

"मीही तेच म्हणायचे."

"का?"

"तुला तिथून काय करता आलं असतं?"

वाशीचा पूल आला. खाडीचा वारा आत शिरला, जीपच्या छताचं कापड फडफडायला लागलं, म्हणून त्याला मोठ्याने विचारावं लागलं, "अजून काय काय सांगितलं नाहीयेस?"

कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. जे आधी आठवलं ते सांगितलं. गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली होती आणि वरच्या मजल्यावरच्यांशी माझं भांडण झालं होतं. तो म्हणाला, "कोणाशी? वरच्या त्या मास्तरांशी?" मी हो म्हटलं, आणि पुढचं सांगायला लागले.