सामनेवाली

नवरा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. बावीस वर्षं. एका दुपारी, पाळी संपायला तासभर असताना, छातीत कळ आली आणि तो तिथेच कोसळला. ती रडली नाही. बायकांत बोलणं झालं, बाई खंबीर आहे हो. तसं काही नव्हतं. कोणी बोललं की तिला ते शेजारच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू यायचं, इतकंच.

महिन्याभराने ती कारखान्याच्या कचेरीत गेली. कारकुनाने पिवळा पडलेला फॉर्म काढला. आपल्या पश्चात पैसे कोणाला, त्या रकान्यात सासूचं नाव होतं. नोकरीला लागला तेव्हा तो सडाफटिंग. पुढे बदलायचं राहूनच गेलं.

"कोर्टात जावं लागेल, वहिनी," कारकून म्हणाला. "तुम्ही अर्जदार. सामनेवाली तुमच्या सासूबाई."

तिने मान हलवली आणि घरी येऊन कुकर लावला.

नोटीस सासूच्या नावाने त्याच घरी आली. सासूला बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून सुनेनेच वाचून दाखवली.

"माझ्यावर दावा? कोणी केलाय?"

"मी, आई."

सासू लसूण सोलत होती. सोलत राहिली. मग म्हणाली, "कधी जायचंय?"

तारखेला दोघी एकाच बसने गेल्या. शिपायाने सासूला पलीकडच्या बाकावर बसवलं. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, "अगं, माझी बीपीची गोळी?" सून उठली, गोळी आणि पाण्याची बाटली देऊन परत आपल्या जागेवर बसली. एक वकील खाली मान घालून हसला.

"आजी, सुनेला पैसे द्यायला तुमची हरकत आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही. पण माझं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. ते खोडू नका."

"नाही खोडत," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या तारखेला निकाल लागला: दोघींना निम्मं निम्मं. सासूने आपला हिस्सा सोडला नाही. म्हातारपण आहे, म्हणाली. सुनेलाही ते पटलं.

"जिंकलात की," तिचा वकील म्हणाला. आता काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं.

बसथांब्यावर सासू मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून रडायला लागली. सून तिची पिशवी हातात घेऊन शेजारी उभी राहिली. तिला रडू आलं नाही. त्यांची बस आली, तिने जाऊ दिली. मागची आली, तीही जाऊ दिली.