एका खळ्यावर दोन कंपायलर

माझी शाळा तिसरीत सुटली, पण कंपायलर नावाची चीज एका मशीनवर दोन-दोन कशी नांदवायची, हे मला विचारा. हसू नका. आमच्या वडीगोद्रीच्या घरात हे काम झालं आणि त्यात माझा हात होता. लेक म्हणते अर्धा. मी म्हणतो पाऊण.

साल दोन हजारच्या आगंमागं. लेक जालन्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून राह्यली होती. तिचा शेवटचा प्रोजेक्ट माझ्याच कामावरचा. आम्ही ज्वारीच्या बियाण्याचे प्लॉट घ्यायचो. त्यात नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या, आणि दोन्ही एकाच टायमाला फुलावर यायला पाहिजेत. त्यासाठी कोणती ओळ किती दिवस आधी पेरायची, ते सांगणारा प्रोग्राम तिनं लिहिला. दिवसांचा अंदाज सगळा मी तोंडी सांगितलेला. सोमवारी बाहेरच्या परीक्षकासमोर तो चालवून दाखवायचा होता, त्याआधी घरच्या मशीनवर तपासून फ्लॉपीवर न्यायचा होता. न्हाई चालला तर तिचं वर्ष गेलं.

शनिवारी सकाळी चहा घेऊन गेलो, तर पोरगी डोक्याला हात लावून बसलेली.

"काय झालं, बाई?"

"दादा, प्रोग्राम चालंना. परवा चांगला चालत व्हता."

तिनं समजावलं. आपण लिहिलेलं मशीनला कळंल असं करून देतो, तो कंपायलर. कॉलेजात होता जुना. परीक्षा झाल्यावर तिला एका क्लासात शिकवायला जायचं होतं, तिथं होता नवा. हाताला सवय व्हावी म्हणून तिनं मैत्रिणीची सीडी आणून नवा टाकला, तो जुन्याच्याच फोल्डरात. आता तिथं काही फायली जुन्याच्या, काही नव्याच्या. तिचा प्रोग्राम कोणालाच उमजंना. म्हणून ती एकेक फाईल ओळखून बाजूला काढत होती.

"किती काढल्या?"

"चाळीस."

"अन् राह्यल्या?"

"दोनशेच्या वर," ती म्हणाली आणि रडायच्या ऐवजी हसली.

मला माझं बियाण्याचं पहिलं साल आठवलं. तेव्हा मी दोन वाणांची कणसं एकाच खळ्यावर आणून टाकली होती. मंग निवडू म्हटलं, आपली नजर काय कमी हाय? तीन दिवस निवडत बसलो. बियाणं तपासणारा साहेब आला, मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि प्लॉट फेल करून गेला. तेव्हापासून एक वाण उचललं की खळं झाडायचं, चाळणी झटकायची, पोती उलटी करून बघायची, मंगच दुसऱ्याला हात.

"निवडू नको," मी म्हटलं. "सगळं झाडून काढ."

"दादा, हे खळं न्हाई."

"मंग काय हाय? दोन वाणं मिसळले. झाड म्हणतो ना!"

आतून तिची माय ओरडली, "अवो, पोरीला तिचं काम करू द्या. मशीन काय बैलं हायेत का तुमचे?"

मी हटलो न्हाई. एकदा खुर्ची ओढून बसलो की मी उठत नसतो, हे घरात सगळ्यांना माहीत. शेवटी लेकीनं आपला प्रोग्राम तेवढा फ्लॉपीवर वेगळा बांधून ठेवला आणि दोन्ही कंपायलर पार काढून टाकले.

मंग जुना परत टाकला. फोल्डराला नाव दिलं 'जुना', इंग्रजी अक्षरांत. प्रोग्राम चालला. तिची माय भाकरी सोडून पिठाच्या हातानं बघायला आली.

"आता नवा कशाला? राहू दे की सोमवारपर्यंत," ती म्हणाली.

"न्हाई," मी म्हटलं. "आजच टाकायचा. भ्यायचं कशाला?"

सीडी फिरली. पडद्यावर एक चौकट आली, तिच्यात नवा कुठं टाकायचा त्याचा पत्ता. लेकीचं बोट बटणावर जाणार, तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. मला इंग्रजी येत न्हाई, पण बियाण्याच्या पोत्यावरचं लेबल आतल्या चिठ्ठीशी जुळवून बघायची सवय हाय. तशीच 'जुना'ची चार अक्षरं मी पंचांगाच्या कडेला उतरून घेतली होती. पडद्यावर तीच चार.

"हे तर त्याचंच घर!"

तिनं वाचलं. "अगं बाई! ह्यानं मागचाच पत्ता धरला." पत्ता पुसून तिनं 'नवा' लिहिलं.

तरी एक गोम राहिलीच. घरं वेगळी झाली, पण नुसत्या नावानं हाक मारली की नवाच पुढं यायचा, कारण मशीनच्या वाटेवर त्याचं घर आधी लागायचं. ह्यात माझी अक्कल चालंना. ती मात्र लेकीनं चालवली. वाटेवरून दोघांनाही उठवलं आणि दोन बारक्या फायली लिहिल्या. एकीचं नाव घेतलं की फक्त जुना उठतो, दुसरीचं घेतलं की फक्त नवा. आलटून-पालटून दहादा उठवून बघितलं. कोणी कोणाच्या पायात आलं न्हाई. तिच्या मायनं दुपारी शिरा केला.

सोमवारी कोणी बोलावलं नसताना मी तिच्यासंगं एसटीनं जालन्याला गेल्तो. बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळानं शिपाई आला. "बाबा, तुम्हाला आत बोलावलंय."

आत गेलो तर प्रोग्राम बिलकुल बराबर चालू. परीक्षक सर शेतकऱ्याच्या घरचे निघाले. ते म्हणाले, "बाबा, हे दिवस तुम्ही दिले? नर चार दिवस आधी? आमच्याकडं सहा धरतात."

"तुमच्याकडं चुकतं," मी म्हटलं.

मंग काय! जमीन काळी का मुरमाड, पाणी कधी, थंडी किती, अर्धा तास आमची जुंपली. पोरं वळून वळून बघत होती. लेक पदर नसताना तोंड झाकून हसत होती. सर चारवर आले न्हाईत, पण पाचवर आले.

लेक पास झाली, पहिल्या वर्गात. निकालाच्या दिवशी मला म्हणते, "दादा, सर तुमच्यासंगं वाद घालून दमले, म्हणून मार्क दिले."

"मंग?" मी म्हटलं. "दमवायलाच तर गेल्तो."