ट्रुगानिनाच्या घरातली जपमाळ

मेलबर्नला उतरल्या उतरल्या ऑस्ट्रेलियाने माझ्याकडून काढून घेतली ती सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी). वसईची, वाळक्या पानात बांधलेली, घरचीच. विमानात भरलेल्या कार्डावर खाण्याचं आणल्याचं खरं लिहिलं होतं म्हणून दंड वाचला. पण तपासणीच्या बाईने हातमोजे घालून ती पुडी अशी उचलली की जणू मी मेलेला उंदीर आणला होता. "सॉरी, डार्लिंग," असं गोड म्हणून तिने ती पिंपात टाकली. मिशनवर निघालेल्या माणसाने राग गिळायचा असतो, म्हणून मी गिळला.

आम्ही चौघं होतो. आमच्या चर्चचे फादर, दोन गाणारे आणि मी, निवृत्त शिक्षिका. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या मराठी कॅथलिक कुटुंबांना भेटायचं, घरोघरी प्रार्थना घ्यायची, मुलांना मराठी गीतं शिकवायची आणि शेवटच्या रविवारी मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), असं पंधरवड्याचं काम. माझ्या लहानपणी परदेशातले मिशनरी आमच्याकडे यायचे. आता मी उलट्या दिशेने चालले होते आणि मला त्याचा नको तेवढा अभिमान वाटत होता. विमानात फादरांनी मला एकटीला गाठून बजावलं होतं, "टीचर, कोणाच्या घरगुती गोष्टीत पडायचं नाही." ते मला ओळखून आहेत.

माझी सोय ट्रुगानिनात, रॉयस्टन आणि ग्लेंडाच्या घरी होती. ट्रुगानिना म्हणजे नव्या घरांची वसाहत. सगळी घरं एकमेकांची भावंडं वाटतात आणि रस्त्याकडेची झाडं अजून काठीला बांधलेली आहेत. ऑगस्ट, म्हणजे तिथला हिवाळा संपत आलेला. माळावरून येणारा वारा स्वेटरला जुमानत नाही. रॉयस्टन आमच्याच गावचा. शिकायला आला आणि इथलाच झाला, आता एका गोदामात सुपरवायझर आहे. ग्लेंडा वृद्धाश्रमात नर्स. मुलगी एव्हा दुसरीत. आणि रॉयस्टनचे वडील, पास्कूनाना. बायको गेल्यावर सहा महिन्यांसाठी म्हणून आलेले. त्यांचं परतीचं तिकीट दर वेळी पुढे ढकललं जात होतं.

पहिल्या सकाळी एव्हाला शाळेत सोडायला नानांबरोबर मीही निघाले. आभाळ निरभ्र असताना नानांच्या हातात छत्री पाहून मला हसू आलं. कोपऱ्यावर मॅगपायने (कावळ्याएवढा काळापांढरा पक्षी) माझ्या डोक्यावर झडप घातली आणि हसू जिथल्या तिथे जिरलं. नानांनी झटकन छत्री उघडून एव्हाला आणि मला आत घेतलं.

"त्याची पिल्लं आहेत वर," नाना म्हणाले.

"ही ओन्ली अटॅक्स न्यू पीपल," एव्हाने मला धीर दिला.

रस्ता ओलांडताना तिने नानांचं बोट धरलं, न बघता, सवयीने. परतताना मी सुकेळीची कर्मकथा सांगितली. नाना मनापासून हसले. "फेकली कशाला, त्या बाईने घरी नेऊन खाल्ली असतील," म्हणाले. मग एकदम, "टीचर, माझ्या विहिरीजवळचा अनंत जगलाय का हो?"

"फुलतोय की."

"मला घरी जायचंय. कायमचं. पोराला सांगायला तोंड उघडत नाही. तुम्ही मिशनची माणसं, तुमचं तो ऐकेल. पुढच्या महिन्यातलं तिकीट तो परत पुढे ढकलणार आहे."

मला भरून आलं. फादरांचं बजावणं मी तिथल्या तिथे विसरले आणि म्हटलं, "सांगते."

संध्याकाळी जेवायला ग्लेंडा कामावरून थेट आली. पायातले बूट काढायचंही त्राण नव्हतं तिच्यात. तरी माझ्यासाठी तिने आपल्याकडच्या बाटलीत भरून ठेवतात त्या बाटली मसाल्यातली कोंबडी गरम केली. ताटात वाढताना म्हणाली, "आंटी, आमच्या दोघांच्या शिफ्ट अशा उलटसुलट. नाना नसते ना, तर मी जॉब सोडला असता." नाना ताटात बघत राहिले. माझ्या तोंडातले शब्द घासाबरोबर खाली गेले.

मग जपमाळ. आमच्याकडे घरच्या जपमाळेची एक रीत आहे. माळेचे पाच भाग, प्रत्येकात दहा मणी, एका मण्याला एक प्रार्थना. प्रत्येक भागाआधी एकाने हेतू सांगायचा, म्हणजे ही प्रार्थना कोणासाठी ते मोठ्याने बोलायचं. त्याच्या शेजारी बसलेल्याने मणी सुरू करायचे, बाकीच्यांनी प्रत्युत्तर द्यायचं. हेतूवर कोणी वाद घालत नाही. रॉयस्टनने आजाऱ्यांसाठी सांगितलं, ग्लेंडाने तिच्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांसाठी, एव्हाने शेजारच्या कुत्र्यासाठी. चौथा भाग नानांचा.

नाना भिंतीवरच्या क्रूसाकडे बघत म्हणाले, "ज्या बापाला घरी जायचंय आणि पोराला सांगवत नाही, त्याच्यासाठी."

शेजारी रॉयस्टन होता. सुरुवात त्याने करायची होती. त्याच्या बोटातला मणी हलेना. ग्लेंडाने डोळे मिटून घेतले.

"डॅड, इट्स युअर टर्न," एव्हा कुजबुजली.

त्याने सुरू केलं. दहा मणी कधीच झाले, तरी तो म्हणतच राहिला आणि आम्हीही प्रत्युत्तर देत राहिलो. कोणीच त्याला थांबवलं नाही. पाचवा हेतू माझा होता. बोलण्यात कधी मागे न राहणारी मी, जगाच्या शांतीसाठी असं काहीतरी पुटपुटून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी रॉयस्टन मला मुलांना गीतं शिकवायच्या हॉलवर सोडायला आला. गाडीत म्हणाला, "तुम्ही शिकवलंत ना पपाला ते बोलायला?"

"नाही रे. मी तर सांगायचं कबूल करून गप्प बसले."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जागची हलली नाही. मागच्याने हॉर्न दिला. "एव्हाला मॉर्निंगला सोडायचं काहीतरी अरेंज करतो. ग्लेंडा शिफ्ट बदलून मागेल," तो म्हणाला. "नो वरीज." चेहऱ्यावर काळजीशिवाय काही नव्हतं.

शेवटच्या रविवारी मराठी मिस्सा झाली. मुलांनी गीतं म्हटली, उच्चार इंग्रजी, पण सूर पक्के. सगळे आमचं कौतुक करत होते. एव्हा मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाली, "टीचर, इज नाना लीव्हिंग?" मी तिच्या केसांवरून हात फिरवला. उत्तर मला येत होतं, ते देववलं नाही.

मी परतले. पुढच्या महिन्यात नानाही आले. विमानतळावरून आले ते थेट विहिरीजवळ गेले, अनंताचं फूल तोडून बायकोच्या थडग्यावर ठेवून आले, मग घर उघडलं. मला वाटलं, माझ्या मिशनचं हेच एक फळ आणि तेही मी न लावलेलं.

ऑक्टोबर आमच्याकडे जपमाळेचा महिना. रोज एका घरी सगळी आळी जमते. नानांच्या अंगणात जमलो त्या संध्याकाळी चौथा हेतू माझ्याकडे आला. ट्रुगानिनात गिळलेलं मला तिथे गिळता आलं नाही.

"एव्हासाठी," मी म्हटलं. "शाळेच्या रस्त्यावर तिला कोणाचं तरी बोट धरायला मिळो."

माझ्या शेजारी नाना बसले होते. त्यांच्या बोटातला मणी हलेना. अंगणात सगळे वाट बघत होते, आणि घाई कोणालाच नव्हती.

"नाना," मी हळूच म्हटलं, "सुरुवात तुम्ही करायची."