पडद्यावरचा नवरा

रंगनाथ तात्यांनी ओसरीवरून हाक मारली की घोड नदीच्या पलीकडच्या मळ्यातली माणसं मान वर करून बघतात, असं वाडीत गमतीनं म्हणत. त्यात फारसं खोटं नव्हतं. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात तात्यांची सगळी नोकरी गव्हाणीवर गेली. ट्रॉल्यांमधला ऊस जिथे पट्ट्यावर पडतो आणि आत ओढला जातो, ती ही जागा. तिथला धडधडाट असा, की खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागे. गाळप बंद झालं तरी तात्यांचा आवाज खाली येत नसे. निवृत्त झाले, तरी नाही. चहा हवा असला की हाक, चष्मा सापडला नाही की हाक. आणि आतून बायकोचं, चांगुणाबाईंचं, ठरलेलं उत्तर, "आले, आले."

चांगुणाबाई मोजकंच बोलत. त्यांचा उजवा हात मनगटात किंचित वाकडा होता. मुलगा सुनील शाळेत जायचा तेव्हा त्या कडब्याच्या गंजीवरून खाली पडल्या होत्या. तात्या कामावरून घरी आले, सुजलेल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "आता धार कोन काढनार?" दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी. हाड जुळलं, पण सरळ बसलं नाही. पुढे त्याच हातानं भाकरी थापल्या गेल्या, धारा निघाल्या, सुनीलचं लग्न झालं, तो चाकणला कंपनीत लागला. तात्यांना ती संध्याकाळ आठवतही नव्हती. घरात पुष्कळ गोष्टी होतात, त्यातली एक.

अशा माणसाला सिनेमात काम मिळेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पुण्याहून ज्योती नावाची एक तरुण दिग्दर्शिका घर शोधत वाडीत आली. तिच्या सिनेमात मारामारी नव्हती, नाच-गाणी नव्हती. मुलं शहरात गेलेली, मागे राहिलेली दोन म्हातारी माणसं आणि त्यांचे साधे दिवस, एवढीच गोष्ट. तिला तात्यांचं घर आवडलं आणि घरापेक्षा तात्या जास्त आवडले. उंच, काटक, पांढऱ्याशुभ्र मिशा, कपाळावर उभ्या आठ्या.

"काका, म्हाताऱ्याचं काम तुम्हीच करा," ती म्हणाली.

"मला काय येतंय त्यातलं?"

"काही यायला नको. घरात वागता तसं वागायचं."

तात्यांनी चांगुणाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "करा की. रिकामेच हाय तुमी." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

शूटिंग सुरू झालं. युनिटमधल्या कुणीतरी स्वयंपाकघरात मातीची चूल आणून मांडली होती. ज्योतीनं ती उचलायला लावली. "यांच्याकडे गॅस आहे, मिक्सर आहे, पाण्याचा फिल्टर आहे. तेच दिसू दे. सिनेमातल्या गावात अजून चूलच धुमसतेय, आणि खरं गाव कुठल्या कुठे गेलंय." चांगुणाबाईंना हे फार बरं वाटलं. आपलं घर आहे तसं दिसणार, म्हणून त्यांनी मिक्सर पुसून लख्ख केला, फिल्टरवर क्रोशाचं झाकण घातलं आणि मग दिवसभर दाराआडून बघत राहिल्या.

म्हातारीचं काम नगरच्या हौशी नाटकांतून वावरलेली फरीदा करत होती. चेहऱ्यावर सुरकुत्या काढल्या, नऊवारी नेसवली, की ती ओळखू येत नसे. पहिले काही दिवस ठीक गेले. तात्यांनी गोठा झाडला, सायकल पुसली, भाकरी कुस्करून दुधात खाल्ली. बोलायचं फार नव्हतंच. मग एका दुपारी तो प्रसंग आला. म्हातारीच्या बोटाला विळा लागतो. म्हातारा ओसरीवर बसलेला असतो. तो उठतो, चिंधी बांधतो आणि विचारतो, "लई दुखतंय का गं?" बस्स.

ज्योती म्हणाली, "घरी काकूंना विचारता ना, तसंच विचारा."

कॅमेरा सुरू झाला. फरीदा बोट धरून आली. तात्या उठले आणि सवयीनं गरजले, "काय झालं? बघून काम करता येत न्हाई का?"

सगळे हसले. ज्योतीही हसली. म्हणाली, "काका, असे नवरे पडद्यावर खूप दाखवून झाले. मला दुसरा दाखवायचाय."

पुन्हा घेतलं. या वेळी शब्द बरोबर आले, पण आवाज गव्हाणीवरचाच. ज्योती जवळ आली, सदऱ्याच्या आत लावलेला बारका माईक दाखवून म्हणाली, "हा बघा, इथे छातीवर आहे. तुम्ही मनातल्या मनात बोललात तरी आम्हाला ऐकू येईल. ओरडायची गरजच नाही."

तरी जमेना. तात्या घामाघूम झाले. सगळी माणसं आपल्यासाठी उन्हात खोळंबलीत, याची त्यांना लाज वाटू लागली. तेव्हा फरीदा शेजारी येऊन बसली.

"तात्या, सकाळी तुम्ही गोठ्यात तांबड्या गाईशी बोलत होता. तिचा पाय सुजलाय ना? तसं बोला माझ्याशी. मी गाय आहे असं समजा."

तात्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाईशी तर ते रोज बोलत. तिच्या मानेखाली हात फिरवत, कुठं दुखतंय ते कळतंय का बघत, अगदी हळू. त्यात कसली अडचण? पुढच्या खेपेला ते उठले, फरीदाचा हात हातात घेतला, चिंधीची गाठ मारताना मान खाली घातली आणि म्हणाले, "लई दुखतंय का गं?"

 ज्योतीनं डोळे पुसले. मग टाळ्या वाजल्या. तात्या लाजून हसले आणि पाणी मागायला वळले. दारात चांगुणाबाई होत्या. त्या लगेच आत गेल्या. पाणी घेऊन दुसरंच कुणीतरी आलं.

सिनेमा पुरा व्हायला बराच काळ गेला. मग ज्योती स्वतः पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन आली आणि मंगल कार्यालयात सगळ्या गावाला सिनेमा दाखवला. बायाबापड्या, पोरंसोरं, सरपंच, झाडून सगळे आले. आपल्या वाडीचा रस्ता, आपली विहीर, आपल्या बांधावरची बाभळ एवढी मोठी दिसताना लोकांना हसावं की बघावं कळेना. बोटाचा प्रसंग आला. पडद्यावरचा म्हातारा ते चार शब्द बोलला आणि मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, तात्या बघा की!"

बाहेर पडताना चांगुणाबाईंभोवती बायकांचा घोळका झाला. "काकू, लई नशीबवान तुमी," शेजारची रंगुबाई म्हणाली. "मी मेले तरी आमच्या घरचं मानूस असं विचारनार न्हाई."

चांगुणाबाई फक्त हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या खुशीत होते. लोकांचे फोन येत होते. चांगुणाबाई पत्र्याखाली गहू पाखडत बसल्या होत्या. तात्या समोर बसून म्हणाले, "तू काहीच बोलली न्हाईस. कसं वाटलं काम?"

"चांगलं केलं."

"नुसतं चांगलं?"

चांगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तो आवाज मी वळखला. गोठ्यातून यायचा. मी आतून ऐकायचे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मला इतकी वर्सं वाटायचं, तुमाला मानसाशी तसं बोलायाच येत न्हाई. कुनाकुनाला न्हाई येत. मी मनाला समजावलं हुतं. आता कळलं, येतंय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तात्यांनी मोठ्यानं बोलून तो परतवला असता.  चांगुणाबाई सूप उचलून परत गहू पाखडायला लागल्या, आणि तात्यांची नजर त्यांच्या मनगटावर गेली. त्या हातानं सूप एका बाजूला कलायचं. ते कायमच तसं कलत असणार. मग एकेक करून सगळं आठवलं. कडब्याची गंज, सुजलेला हात आणि आपला तो प्रश्न. तात्या उठून गोठ्यात गेले आणि तिथं गाईशीही त्यांना बोलवेना.

त्यानंतर त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. पण इतक्या वर्षांनी कुठून सुरुवात करायची, हेच कळेना. दिवाळीच्या सुट्टीत सुनीलची मुलगी संस्कृती आली होती. तिनं सिनेमातला तोच तुकडा मोबाईलवर टाकला आणि तो फार लोकांनी बघितला. मग आजोबा भाजी निवडतायत, आजोबा झोक्यावर बसलेत, असे काहीबाही व्हिडिओ ती दिवसभर काढायची. ती गेल्यावर एका दुपारी चांगुणाबाई चटईवर हात चोळत बसल्या होत्या. तात्या जवळ गेले. खाली बसले. आवाज शक्य तितका हळू करून म्हणाले, "हात ठनकतोय का गं? बाम लावू का?"

चांगुणाबाईंनी दचकून आजूबाजूला बघितलं. दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

"कोन काढतंय का मोबाईलवर?" त्यांनी विचारलं.

तात्या बामची बाटली हातात धरून बसून राहिले. खरं तर त्यांना रडू येत होतं. जे शब्द घरात पहिल्यांदा यायला हवे होते, ते आधी सगळ्या जगासमोर परक्या बाईला बोलून झाले होते. आता घरात बोलायला गेलं, की ते सिनेमातले वाटत.

पुढे सुनीलची बायको कामाला जायला लागली. संस्कृती शाळेतून येते तेव्हा घरात कुणी नसतं, म्हणून आईला पाठवा, असं सुनील म्हणाला. चांगुणाबाई पूर्वी दोनदा नको म्हणाल्या होत्या. या वेळी त्यांनी लगेच पिशवी भरली. जनावरांसाठी तात्या मागे राहिले.

त्या गेल्यावर काही महिन्यांनी पुण्यात एका मोठ्या सभागृहात सिनेमाचा खेळ आणि कौतुकसोहळा ठेवला होता. तात्या काष्टीहून एसटीनं गेले. सुनील चाकणहून आईला घेऊन आला. सिनेमा संपल्यावर तात्यांना मंचावर बोलावलं. सूत्रसंचालक म्हणाला, "तात्या, आपल्या ग्रामीण संस्कृतीतलं हे हळुवार नातं तुम्ही जगलात, म्हणूनच ते पडद्यावर इतकं खरं उतरलं. ते वाक्य एकदा आमच्यासाठी म्हणाल?"

तात्यांनी माईक हातात घेतला. समोर अंधारात माणसंच माणसं. चांगुणाबाई पुढे तिसऱ्या ओळीत होत्या, पदर सावरून ताठ बसलेल्या.

"ते वाक्य मी म्हननार न्हाई," तात्या म्हणाले. "ते ज्योतीताईंनी लिहिल्यालं हाय. मी तसा मानूस न्हाई. माझ्या बायकोचा हात मोडला तवा मी तिला इचारलं हुतं, धार कोन काढनार म्हनून. पडद्यावर दिसतोय तो कुनी दुसरा हाय. मी तसा असतो तर बरं झालं असतं."

 मग टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. "किती साधा माणूस!" कुणीतरी म्हणालं. "मोठेपणाच आहे हा." सूत्रसंचालकानं तात्यांना मिठी मारली. "ऐकलंत? एवढं काम करून स्वतःकडे काही श्रेय घेत नाहीत!"

तात्या गोंधळून इकडे तिकडे बघत राहिले. आपलं खरं बोलणंसुद्धा यांनी सिनेमातच जमा करून टाकलं, एवढं त्यांच्या लक्षात आलं. सगळं सभागृह उभं होतं आणि त्यात एकट्या चांगुणाबाई बसून होत्या. टाळ्या त्यांनी वाजवल्या नाहीत.

बाहेर सुनील गाडी आणायला गेला तेव्हा दोघं फुटपाथवर उभी होती.

"लोकांला पटलं न्हाई," तात्या म्हणाले.

"मला ऐकू आलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्या दिवशीचं तुमच्या ध्यानात असंल असं वाटलं नव्हतं."

"ध्यानात नव्हतं. आता आठवलं."

चांगुणाबाईंनी मान हलवली. तात्या म्हणाले, "चल की घरी. इथून आपली एसटी मिळंल."

"रुसून न्हाई गेले मी," त्या म्हणाल्या. "तिथं सूनबाई कामावरनं येती, चपला काढायच्या आत म्हनती, आई, तुमी जेवला का? रोज इचारती. मला त्याची सवय लागली. आता ती सवय मोडवत न्हाई."

गाडी आली. सुनीलनं तात्यांना स्वारगेटला सोडलं.

त्यानंतर एका मालिकेत सासऱ्याचं काम करायला तात्यांना फोन आला होता. त्यांनी जनावरांचं निमित्त सांगितलं. तांबड्या गाईचा पाय केव्हाच बरा झाला होता, ती गाभण राहिली. संध्याकाळी चाकणचा फोन येतो. चांगुणाबाई संस्कृतीच्या अभ्यासाचं सांगतात, सोसायटीतल्या बायकांचं सांगतात, तात्या ऐकतात. स्वतःचं काय बोलावं हे त्यांना अजून नीट सुचत नाही. मग ते पावसापाण्याचं सांगतात, लाईट कधी असते ते सांगतात.

गुढीपाडव्याला चांगुणाबाई येऊन गेल्या. आठवडाभर राहिल्या. घर झाडून घेतलं, डबे घासले, तांबडीच्या पाठीवर हात फिरवला. एक दिवस तात्यांनी केलेला चहा प्यायल्या आणि साखर थोडी कमी घाला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तात्यांनी कमी घातली. जायच्या सकाळी तात्या पिशवी घेऊन डांबरी सडकेपर्यंत सोबत गेले.  एसटी आली, तशा त्या दांडी धरून चढल्या आणि खिडकीशी बसल्या.

"दुधाला विरजन लावलंय," त्या म्हणाल्या. "झाकून ठेवा, न्हाई तर मांजर तोंड लावंल."

"व्हय," तात्या म्हणाले.

गाडी निघून गेली. तात्या थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग विरजण झाकायला घराकडे वळले.