घडी कुठेय?

"सर, घडी कुठेय?"

फळ्यावर समीकरण लिहून मी खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून हा प्रश्न यायचा. विचारणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या. गळ्यात टेप तशीच राहिलेली, केसांत दोऱ्याचे तुकडे. निवृत्तीनंतर घाटकोपरला आमच्या विहारामागच्या अभ्यासिकेत मी बारावीचं गणित शिकवतो. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची, आणि या एकट्या त्यांच्या आईच्या वयाच्या.

नाक्यावर त्यांचं शिवणकामाचं लहानसं दुकान होतं. शिवाय महिलांच्या एका शिवणवर्गात अकरा वर्षं मदतनीस होत्या. शिक्षिका व्हायला बारावी पास हवं, आणि यांचं गणित तरुणपणी राहिलं ते राहिलंच.

"दर दोन वर्षांनी नवी मॅडम येते ना सर, तिला गळा कापायला मीच शिकवते," असं हसत सांगायच्या. ते त्यांना किती लागलं होतं, हे तुम्ही समोर असता तर तुम्हालाही कळलं असतं.

वर्गसमीकरणाचा आलेख मी शिस्तीत शिकवतो. सात किमती, सात बिंदू, मग ते जोडून पॅराबोला. बाईंना सात बिंदूंचा कंटाळा. "दोन्ही बाजू सारख्याच ना? मग दोनदा कशाला काढायचं?" त्या मधला अक्ष शोधायच्या आणि कागद तिथे दुमडायच्या. ती त्यांची घडी. क्ष-वर्गाच्या आधीचा आकडा वाढला की त्यांच्या मते गळा अरुंद, आणि तो उणे आला की ब्लाउज उलटा टांगलेला. पोरं खिदळायची.

"ताई, हा शिवणवर्ग नाही," मी डाफरायचो. खरं तर पोरांना जे पाठ होतं, ते बाईंना कळलेलं होतं. पण मास्तरकीची खोड जाता जात नाही.

सराव परीक्षेत त्यांनी आलेखाची फक्त डावी बाजू काढली. उजवी कोरी. मी लाल पेनाने भोपळा दिला आणि वर लिहिलं, 'अर्धवट काम'. बाईंनी पेपर पाहिला, टेबलावर ठेवला आणि गेल्या. तीन आठवडे आल्या नाहीत. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती.

एका दुपारी कपाट आवरताना तो पेपर खिडकीच्या उजेडात आला. उजव्या बाजूला तीन बारीक भोकं होती. घडी घालून डावीकडच्या बिंदूंतून बाईंनी सुई टोचली होती. मी मोजून पाहिलं, एकही बिंदू चुकला नव्हता. मला स्वतःची फार लाज वाटली.

तसाच दुकानात गेलो. बाई दुमडलेल्या कापडावर खडूने अर्धाच गळा काढत होत्या. कात्री फिरली, कापड उघडलं, गळा पूर्ण झाला.

"ताई, मी भोकं बघितलीच नाहीत. चुकलो."

"मला वाटलं, सरांना दिसतील," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आम्ही अर्धंच काढतो ना."

"तुमचे मार्क मी दिलेत. पण बोर्डाचा तपासनीस पेपर उजेडात धरणार नाही. त्याला उघडून दाखवावं लागेल."

"म्हणजे भोकांवरून पेन्सिल फिरवायची?"

"एवढंच."

"मग टेन्शन काय त्यात!" म्हणाल्या, आणि डोळे पदराने पुसले.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावरून पुन्हा घडीची चौकशी सुरू झाली.

बाई पास झाल्या. शिवणवर्गाच्या बोरिवलीच्या शाखेत शिक्षिका झाल्या आणि तिकडेच राहायला गेल्या. जाण्याआधी पेढे घेऊन आल्या होत्या.

"सर, तो भोपळ्याचा पेपर द्या ना. माझ्या वर्गातल्या मुलींना दाखवेन."

तो हरवला, असं मी चक्क खोटं सांगितलं. पेपर माझ्याच कपाटात आहे. कुणाला शून्य द्यायची वेळ आली की आता मी आधी उठतो, आणि त्याचा कागद खिडकीशी धरून बघतो.