कोणाला कळवायचं?

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गिऱ्हाइकं ‘मशीनवाले’ म्हणत. दिवसभर तो लोकांच्या न्हाणीघरात ओल्या फरशीवर उकिडवा बसलेला असे. झिजलेला पट्टा बदलायचा, पंपात अडकलेलं नाणं नाहीतर पोराचा मोजा ओढून काढायचा, मशीन फिरवून दाखवायचं आणि निघायचं. घरातलं कोणीतरी दारात उभं राहून त्याच्या हातांकडे बघत असे. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. परका माणूस घरात आला की लक्ष ठेवायचंच.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एक बहीण होती, पण आईच्या आजारपणात दोघांचं वाजलं आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

एका दुपारी तो आपल्या दुकानात एका मशीनची मोटार उघडून बसला होता. साध्या कपड्यांतले दोघे आले.

‘चल, साहेबांनी बोलावलंय.’

‘कशासाठी?’

‘तिथं कळेल.’

शेजारच्या शिंप्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि शिलाई मशीनवर पाय जरा जोरात मारायला लागला. शटर ओढायलासुद्धा त्यांनी वेळ दिला नाही.

पोलीस ठाण्याच्या आतल्या खोलीत त्याला कारण कळलं. सकाळी ज्या घरी काम केलं होतं, तिथली सोन्याची साखळी गायब होती.

‘कुठं टाकलीस?’ एका शिपायानं विचारलं. मिशीवाला, धिप्पाड गडी.

‘साहेब, मी फक्त मशीनचं—’

पुढचे शब्द तोंडातच राहिले. डाव्या कानाखाली अशी बसली की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कानात एक बारीक शिट्टी वाजायला लागली. मग आणखी एक, त्याच जागी.

‘घेतली म्हण आणि मोकळा हो. घरी जाशील.’

घर म्हणताच त्याला आपली खोली आठवली. ‘हो’ म्हणून टाकावं, एवढी काही तिची ओढ वाटली नाही.

त्याला बाहेर टेबलाशी आणलं. तिथं एक बाई अंमलदार होत्या. त्यांनी मात्र नीट सांगितलं, ‘चोरीच्या संशयावरून तुम्हाला अटक केलीय. वकील हवा असेल तर मिळेल, तुम्हाला परवडत नसेल तर सरकार देईल. आता सांगा, कोणाला कळवायचं?’

‘म्हणजे?’

‘नातेवाईक, मित्र, कोणीही. तुम्ही इथं आहात हे तुमच्या माणसाला कळलं पाहिजे. हक्क आहे तो तुमचा.’

बहिणीचा नंबर कधीच बदलला होता. शिंप्याशी ओळख होती, पण त्याची खाली घातलेली मान डोळ्यांसमोरून हलेना.

‘लिहा, कोणी नाही.’

‘असं कसं? कोणीतरी असेलच की.’

बाईंनी हे चांगल्या मनानं म्हटलं होतं, पण मार खाताना वाटली नव्हती एवढी लाज त्याला आता वाटली. आजूबाजूचे ऐकत होते. काहीतरी सांगायचं म्हणून त्यानं पाठ असलेला एकुलता एक नंबर सांगितला. तो एका गिऱ्हाइकाचा होता. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या एक काकू, एकट्याच राहत. दर थोड्या महिन्यांनी त्यांचा फोन यायचा, ‘मशीन फार आवाज करतंय हो,’ आणि पुढं आपला नंबर त्या एकेक आकडा सुटा करून दोनदा सांगायच्या. मशीन ठणठणीत असायचं. हा आपला एखादा स्क्रू आवळून दाखवायचा.

काकू तासाभरात आल्या. धापा टाकत होत्या.

‘तुम्ही त्याच्या कोण?’ मिशीवाल्यानं विचारलं.

‘ओळखीची.’

‘नाव काय त्याचं?’

काकू गोंधळल्या. नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ‘ते... आमचं मशीन दुरुस्त करतात.’

शिपाई खो खो हसला. ‘घ्या! मशीनवाल्याला सोडवायला मशीनवाली!’

काकूंचा चेहरा उतरला, पण त्या परत फिरल्या नाहीत. त्यांना त्याला भेटू दिलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर सुजलेला कान. कायद्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि येईल जाईल त्याला एकच विचारत राहिल्या, ‘त्यांचा कान का सुजलाय? डॉक्टरांना दाखवलं का?’ कोणी ‘आजी, जा आता’ म्हटलं की ‘जाते हं’ म्हणायच्या आणि तिथंच बसायच्या.

त्यानंतर त्याला आतल्या खोलीत कोणी नेलं नाही.

संध्याकाळी सरकारी मदतीतली एक तरुण वकील आली. कोठडीच्या गजांशी उभं राहून हळू बोलली, ‘काका, चोरीबद्दल काही बोललंच पाहिजे असं नाही. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. उद्या तुम्हाला मॅजिस्ट्रेटबाईंसमोर उभं करतील. त्या विचारतील, पोलिसांनी काही त्रास दिला का. मारणारा तिथंच मागे उभा असेल. मी बोलेनच, पण तुम्हीही बोला.’

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटबाईंनी खरंच विचारलं. त्यानं मागे वळून पाहिलं. मिशीवाला होता. काकू नव्हत्या, कोर्टाचे जिने त्यांना झेपले नसते. आपल्या बाजूचं म्हणावं असं त्या वकील मुलीखेरीज कोणी नव्हतं.

‘मारलं,’ तो म्हणाला. ‘कानावर. या कानानं ऐकू येत नाही.’

ऐकू येत नसल्यामुळे आवाज फार मोठा निघाला. सगळं कोर्ट त्याच्याकडे बघायला लागलं.

डॉक्टरी तपासणीचा हुकूम झाला. कानाचा पडदा फाटला होता. त्याला जामीन मिळाला. पुढं महिन्याभरात साखळीचा छडा लागला. त्याच घरातल्या जावयानं ती परस्पर मोडली होती. खटला बारगळला. त्या घरातून ‘चुकलं आमचं’ म्हणायला कोणी आलं नाही. उलट गिऱ्हाइकं गळाली. ‘आम्ही दुसऱ्याला सांगितलंय,’ एवढंच फोनवर म्हणत.

शिपायाची चौकशी लागली. एकदा साक्षीसाठी दोघं एकाच व्हरांड्यात समोरासमोर बसले होते. मिशीवाला उठून त्याच्या शेजारी येऊन बसला, डाव्या बाजूला.

‘मिटवून टाका की,’ तो म्हणाला. आता ‘तुम्ही’वर आला होता. ‘दोन लेकरं आहेत मला.’

‘या बाजूला या. तिकडून ऐकू येत नाही.’

शिपाई ओशाळून उजवीकडे आला आणि पुन्हा तेच म्हणाला. मशीनवाल्यानं ऐकून घेतलं. त्याला त्याचा रागसुद्धा धड येईना. हाक आल्यावर तो आत गेला आणि घडलं तसं सगळं सांगितलं.

शिपाई निलंबित झाला. वकील मुलीचा फोन आला, ‘काका, अभिनंदन!’ हे कोणाला सांगावं म्हणून तो काकूंकडे गेला.

‘बरं झालं,’ काकू म्हणाल्या. त्यांनी चहा केला. दोघं समोरासमोर बसले. ठाण्यातल्या त्या दिवसाबद्दल काकूंनाही बोलायचं नव्हतं आणि त्यालाही. आणि त्याशिवाय दोघांत बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं. चहा संपला. बाहेर कोणीतरी मुलांना खेळातून घरी बोलावत होतं.

‘येतो,’ तो म्हणाला.

‘हो, या,’ काकू म्हणाल्या, आणि तो बाहेर पडला.