गालातली गोळी

वॉर्डात नर्स म्हणून काम करताना मला एक सवय लागली. पेशंट गोळी घेतली म्हणाला की त्याला जीभ वर करायला लावायची. गोळ्या उशीखाली सापडतात, खिडकीबाहेर सापडतात, आणि राऊंडच्या वेळी हीच मंडळी हात जोडून सांगतात, "वेळच्या वेळी घेतो, साहेब." संशय असा अंगात मुरलेला. घरी मात्र आई आणि मी दोघीच, तिथं त्याचं काम पडेल असं वाटलं नव्हतं.

आईला प्रेशरची गोळी सुरू झाली आणि काही दिवसांनी खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसती कोरडी ढास. धाकटी बहीण तेव्हा सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पुंडलिकनगरला आमच्याकडे, हे ठरलेलंच. आईनं डिंक-खारीक आणून ठेवली होती, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. डोहाळजेवणाला बहिणीच्या सासूबाई वाळूजहून आल्या. आई वाढताना खोकली आणि त्यांनी ताटावरचा हात उचलला. त्याच आठवड्यात निरोप आला, बाळंतपण इकडंच करू, तुम्ही तब्येत सांभाळा. निरोपात टीबी हा शब्द नव्हता. पण शेजारणीनंही आमच्याकडचा चहा बंद केला, तेव्हा तो कुठवर पोचलाय ते कळलं.

थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. सगळं स्वच्छ. माझा संशय गोळीवर होता. त्या जातीच्या गोळीनं काहींना अशी ढास लागते, हे वॉर्डात पाहिलेलं. डॉक्टरांनाही ते पटलं. त्यांनी ती बंद करून वेगळ्या जातीची गोळी दिली. घरी आल्यावर मी आईला समजावलं, "हा गोळीचा खोकला आहे."

हळूहळू खोकला गेला. विहीणबाई येऊन खात्री करून गेल्या आणि बहीण माहेरी आली. शेजारीणही चहाला आली. सगळे खूश. मी मात्र आईकडे टक लावून बघायची. सकाळी तिचं डोकं दुखायचं, आणि मी प्रेशर मोजायचा पट्टा काढला की ती म्हणायची, "आत्ता नाय, पोळ्या लाटायच्यात." एकदा बळजबरीनं मोजलंच. आकडा गोळी सुरू व्हायच्या आधीपेक्षाही वर गेला होता.

पहिला संशय औषधाच्या दुकानदाराचा आला, नकली माल दिला असेल. मग गोळीचाच. आईचा सगळ्यात शेवटी, कारण ती माझ्यासमोर पाणी पिऊन गोळी घ्यायची.

"आई, तोंड उघड."

"दात घासलेत मी."

जिभेखाली काही नव्हतं. मी तिचा गाल बोटानं ओढला. खालच्या हिरडीपाशी, जिथं ती जन्मभर मिश्री धरत आली, तिथं गोळी होती. मिश्री तोंडात धरून घरातली सगळी कामं उरकणारी बाई, तिला एक गोळी अडवणं काय अवघड?

"तूच म्हणलीस, गोळीचा खोकला हाय. ही बी गोळीच हाय," ती म्हणाली. "पुन्हा ढास लागली तर पोरीला इथं ठिवतील व्हय? लेकरू एकदा मांडीवर येऊ दे, मग घेते."

मला तिचा भयंकर संताप आला. मेंदूत रक्तस्राव झाला तर लेकरू घ्यायला तू राहणार नाहीस, असं मी तिला सुनावलं आणि सुनावता सुनावता रडले. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. या गोळीनं तशी ढास सहसा लागत नाही, पण मनानं बंद करायची नाही, असं त्यांनी बजावलं. तिनं मान हलवली. मी त्या मानेवर विश्वास ठेवला नाही. रोज सकाळी तिचं तोंड बघितलं, आणि आकडा हळूहळू उतरला.

बहिणीला मुलगी झाली. तिला दवाखान्यातून आणलं त्या सकाळी आई पदर पसरून पाटावर बसली होती. विहीणबाई दारात उभ्या होत्या. बाळ माझ्या हातात होतं. आईनं समोरची गोळी उचलली, तांब्यातलं पाणी प्याली आणि हात पुढं केले.

मी बाळ दिलं नाही.

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. मग विहिणीच्या देखत जीभ वर केली, स्वतःच्याच बोटांनी दोन्ही गाल ओढून दाखवले. मी वाकून नीट पाहिलं, आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.